वाटणीत आलेले कव्हर

पत्नी निरुपमाच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी भास्करराव पहाटे पाचला उठले ते तिच्या आठवणीने नव्हे, सोफ्याच्या काळजीने. ही गोष्ट त्यांची त्यांनाच बरी वाटली नाही. पण इलाज नव्हता. गुरुजी नऊला येणार होते आणि आक्का साडेआठलाच. गुरुजींचे दर्भ, तीळ आणि तांदळाच्या पिठावर भागत होते. आक्काला मात्र सोफ्यावरचे कव्हर बिनसुरकुतीचे लागे.

दिवाळीत ते तसे नव्हते. घरात दुखवटा, त्यामुळे फराळ नाही. तेव्हा भाऊबिजेला आलेल्या आक्काला बोलायला भरपूर वेळ होता. कव्हर निम्मे सोफ्यावर, निम्मे फरशीवर, आणि मधोमध भास्करराव वाचत बसलेले. आक्काने दारातूनच निकाल दिला होता, "घर गेलं, भास्कर." धाकटा भाऊ बहात्तर वर्षांचा झाला आहे, हे तिच्या लक्षात असे, फक्त तिला ते पटत नसे. ध्रुवने, म्हणजे भास्कररावांच्या एकुलत्या एक मुलाने, लगेच मान डोलावली होती. मग असे ठरले, की वर्षश्राद्धापर्यंत पाहायचे. तोवर घर रुळावर आले तर ठीक. नाहीतर तरसालीचे हे घर बंद करून भास्कररावांनी अलकापुरीला, ध्रुवच्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला जायचे. ठरले म्हणजे आक्का आणि ध्रुवचे ठरले. भास्करराव त्या वेळी सोफ्याच्या फटीतून चष्मा शोधत होते.

आता हे कव्हर सैल का, हे या घराण्याच्या शहाणपणाला धरूनच होते. तेवीस वर्षांपूर्वी आई, म्हणजे माई, गेल्यावर रावपुऱ्यातले घर विकले, तेव्हा वाटणी आक्काने केली, आणि अगदी काटेकोर केली. दिवाणखान्यात माईचा चौघे बसतील असा लांबलचक सागवानी सोफा होता. त्यावर माईने स्वतःच्या मशीनवर शिवलेले जाड सुती कव्हर होते, निळीच्या रंगाचे, पांढऱ्या वेलीचे, खाली झालर असलेले. आक्काने विचार केला, वस्तू दोन आणि भावंडेही दोन. सोफा तिच्याकडे गेला. कव्हर भास्कररावांकडे आले. दोघांनाही आईची आठवण सारखी मिळाली. आक्काचा सोफा तेव्हापासून उघडा होता, आणि भास्कररावांच्या तीन माणसांच्या सोफ्यावर चार माणसांचे कव्हर आले होते, वीतभर सैल. निरुपमाने ते पहिल्यांदा घातले, दोन पावले मागे सरून पाहिले आणि म्हणाली, "बरं." एवढेच.

त्यानंतर बावीस वर्षांत त्या कव्हरावर भास्कररावांनी एक सुरकुती पाहिली नव्हती. खरे सांगायचे तर त्यांनी कव्हरच पाहिले नव्हते. ते त्यावर बसत होते.

ती गेल्यावर मात्र कव्हराने आपला स्वभाव दाखवला. बसले की मागून निसटे, उठले की पुढे लोंबे. निरुपमाकडे याची काहीतरी युक्ती असणार, याबद्दल भास्कररावांना शंका नव्हती. चौतीस वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात त्यांनी तालिका केल्या होत्या. जगात जे काही आहे ते कुठेतरी लिहिलेले आहे, फक्त योग्य शीर्षकाखाली सापडत नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. निरुपमा ग्रंथालयातल्या रद्द कार्डांच्या पाठीवर पाककृती लिहून ठेवी. त्यांनी तो सगळा डबा चाळला. आंब्याचे लोणचे सापडले. शाईचा डाग, चहाचा डाग, हळदीचा डाग (निघत नाही) सापडले. सोफ्याखाली काही नव्हते, कव्हराखाली नव्हते, 'इतर'मध्येही नव्हते.

तेव्हा त्यांनी स्वतःच एक कार्ड केले. 'सोफा-कव्हर, सैल, स्थिर ठेवणे.' त्याखाली तीन महिन्यांचे प्रयोग. वर्तमानपत्रांच्या सुरळ्या पाठीच्या फटीत खोचल्या. कोणी बसले की शेंगदाणे फोडल्यासारखा आवाज येई. झालरीला नाड्या लावून सोफ्याखाली बांधल्या. त्यासाठी पाठीवर झोपून आत सरकावे लागे, आणि एकदा ते असे सरकले की अर्धा तास बाहेर येता आले नाही. तिथे पडलेला एक जुना दिवाळी अंक त्यांनी तेवढ्यात वाचून काढला. शेवटी मकरपुऱ्याच्या हार्डवेअरवाल्याने हातहात लांब प्लॅस्टिक पाइपचे तुकडे कापून दिले. ते फटीत दाबले, मागच्या बाजूने सेफ्टी पिना लावल्या, आणि कव्हर ढोलाच्या कातड्यासारखे ताणले गेले. फक्त पाइप तीन होते आणि फटी चार. पहाटे साडेपाचला भास्करराव स्वयंपाकघरात गेले, इकडेतिकडे पाहिले आणि लाटणे घेऊन आले.

*

"पप्पा, लाटणं क्यां छे?" कोमलने आठ वाजता स्वयंपाकघरातून विचारले. ध्रुवची ही बायको मूळची भरूचची. सहा वर्षांत मराठी छान शिकली होती, पण घाईत असली की निम्मे वाक्य नर्मदेकाठीच राही.

"असेल तिथेच," भास्करराव म्हणाले. खोटे बोलायची सवय नसल्यामुळे त्यांनी ते पिंडांच्या पाटाकडे पाहत म्हटले.

"नथी ने. सगळं बघितलं."

"मग... पेल्याने लाटता येतात का पुऱ्या?"

कोमलने दारातून डोके काढून त्यांच्याकडे नीट पाहिले. मग स्टीलचा पेला घेऊन ती चाळीस पुऱ्या लाटायला बसली. भास्कररावांना तिथेच कबूल करून टाकावेसे वाटले. पण लाटणे काढले तर डावी बाजू जाणार, डावी बाजू गेली तर आक्का, आणि आक्का म्हटल्यावर सहावा मजला, आणि घरातली चार हजार पुस्तके मागे. त्यांनी पाट आणखी सरळ केला.

आक्का साडेआठला आली. मागोमाग तिचे यजमान मोहनराव. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपात त्यांनी आयुष्य काढले होते, आणि बसण्याच्या बाबतीत ते यार्डात लावून ठेवलेल्या इंजिनासारखे होते. एकदा उभे केले की हलवायला दुसरे इंजिन लागावे. भास्कररावांनी जेवणाच्या टेबलाच्या सगळ्या खुर्च्या बाहेर मांडल्या होत्या, आशेने. मोहनरावांनी खुर्च्यांकडे पाहिले, त्यांना मनोमन क्षमा केली, आणि बावीस वर्षांच्या आपल्या जागेवर, सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात, बसले. लाटण्याच्या बरोबर शेजारी.

भास्कररावांनी श्वास रोखला. कव्हर हलले नाही.

"आमचं सरकारी फर्निचर बसलं," आक्का म्हणाली. "आता संध्याकाळपर्यंत काळजी नाही."

श्राद्ध झाले. गुरुजी दक्षिणा घेऊन पुढच्या घरी गेले. निरुपमाचा फोटो पाहायला भास्कररावांना दिवसभरात एकदा वेळ मिळाला, तेव्हा तिच्या नजरेत थोडी करमणूक आहे असे त्यांना उगीचच वाटले. मोहनराव जेवायलाही उठले नाहीत. त्यांचे पान सोफ्यापुढे स्टूल ठेवून मांडले गेले, तसे ते नेहमीच मांडले जाई. या घरी आले की ते पाण्यासाठीदेखील उठत नसत. अशा माणसाला काय म्हणायचे ते आक्का चारचौघांत म्हणून मोकळी झालेली होती.

दोन वाजता सगळे बाहेरच्या खोलीत जमले. बोलायला ध्रुवने सुरुवात केली, कारण त्याला पाच वाजता ऑफिसचा कॉल होता.

"बाबा, मी सगळं करून घेतलंय. बाल्कनी बंद केली, स्लायडिंग खिडक्या बसवल्या. तुमचा पलंग व्यवस्थित मावतो, मी टेपने मोजलंय. पंखा आहे. वरून पूर्ण अलकापुरी दिसते."

"आणि पुस्तकं?"

"एक रॅक बसतो."

"कोणता?"

"कोणता म्हणजे? रॅक. पाच फळ्यांचा."

भास्करराव मनातल्या मनात चार हजारांतून पाच फळ्या निवडू लागले आणि पहिल्याच फळीवर अडकले. हे बोलून दाखवावे की नाही, याचा विचार करेपर्यंत वेळ गेली. त्यांची वेळ नेहमी अशीच जाई.

आक्का मात्र उठली होती. तिने पर्समधून चष्मा काढला, लावला, आणि डॉक्टर पोट तपासतात तसा हाताचा तळवा कव्हरावरून फिरवला. पाठीवर. हातांवर. झालरीवर.

"कोणी बसवून दिलं?"

"मीच, आक्का."

"कोमलने नाही?"

"ना फोईबा, मी तर हातपण नाही लावला," कोमल म्हणाली. "मी पुऱ्या करत होते. पेल्याने."

"हं," आक्का म्हणाली.

आक्काचे 'हं' म्हणजे दुसऱ्या कोणाचे सुवर्णपदक. भास्कररावांच्या कानशिलांत रक्त चढले. आपण राहणार. इथे, खिडकीशी, चारही भिंतींवरच्या पुस्तकांसकट राहणार.

ध्रुवलाही ते 'हं' समजले, आणि त्याने आघाडी बदलली. "आत्या, कव्हर नीट आहे म्हणजे घर चालतंय असं थोडंच आहे?"

"दिवाळीत तूच मान हलवलीस ना?"

"ते तुम्ही म्हणालात म्हणून."

"म्हणजे मी चुकीचं म्हणाले?"

"तसं नाही..."

"मग कसं?"

ध्रुवने बायकोकडे पाहिले. कोमलला वाटले आपण काहीतरी उपयोगाचे बोलावे. "हे एवढं सैल आहे तर दरजीकडे देऊ ने? आमच्या खालीच एक बसतो. दोन्ही साइडने कापून मस्त फिटिंग करून देईल."

माईच्या अंगाला कात्री लावू या असे कोणी म्हटले असते तरी आक्का एवढी दचकली नसती.

"माईच्या हातचं आहे ते," आक्का म्हणाली.

"हां, पण माई तर आता..."

"कोमल," ध्रुव म्हणाला.

"सॉरी."

"कापायचं काही कारणच नाही," आक्का जरा खाकरली. "मी म्हणते, पुढेमागे हे घर बंद ठेवायची वेळ आलीच, तर उंदीर काय, वाळवी काय. पुस्तकांचं होईल ते होईल. पण कव्हर मी नेईन. माझा सोफा उघडाच आहे."

तर हे असे होते. भास्कररावांना राग येईना; उलट थोडे हलके वाटले. आपल्याविरुद्ध कट करणाऱ्याला निदान काही चांगली वस्तू हवी असावी, असे त्यांचे वाचन सांगत होते.

"पण आता वेळ आलेली नाही," आक्का पुढे म्हणाली, आणि त्यात तिला किती कष्ट पडले ते दिसले. "जे आहे ते आहे. नीट बसलंय. राहू दे त्याला इथे." मग मोहनरावांकडे वळून, "उठा हो. निघू या."

"बसू की जरा," मोहनराव म्हणाले.

"साडेआठपासून काय करताय?"

"चहा होऊ दे."

"चहा घरी. उठा."

"प्रेमला, मी म्हणतो..."

"उठा!"

मोहनराव उठले.

पिनेचे टोक त्यांच्या विजारीच्या मागच्या खिशात नेमके केव्हा अडकले, हे नंतर कोणालाच सांगता आले नाही. मोहनराव वर आले आणि त्यांच्याबरोबर कव्हर वर आले, राजाच्या मागे लांब शेला यावा तसे. पिना तडतड सुटल्या. पहिला पाइप फरशीवर पडून गडगडत दारापर्यंत गेला. दुसरा टीपॉयखाली. तिसरा आक्काच्या टाचेला लागून थांबला. सर्वांत शेवटी, अगदी सावकाश, लाटणे बाहेर आले, काठावर क्षणभर विचार करत थांबले आणि कोमलच्या पायाशी पडले.

कोमलने ते उचलले. "चाळीस पुऱ्या, पप्पा," ती म्हणाली.

भास्करराव खाली बसून पाइप गोळा करू लागले. वर पाहण्याची त्यांची हिंमत नव्हती. ध्रुवच्या आवाजात मात्र दया आली होती, आणि ती अधिक वाईट होती. "बाबा, अहो, हे असं करून कशाला... याचसाठी मी म्हणत होतो. राहू द्या ते."

"मला तिची युक्ती सापडली नाही," भास्करराव फरशीला म्हणाले. "डबा सगळा पाहिला. तिने कुठे लिहूनच ठेवली नाही."

"कसली युक्ती?" मोहनराव म्हणाले. कव्हर अजून त्यांच्या मागे लोंबत होते.

"हे बसवायची, दाजी. बावीस वर्षं हललं नाही."

"हललं नाही कोण म्हणतं?" मोहनरावांनी आश्चर्याने पाहिले. "रोजच हलायचं. युक्तीबिक्ती काही नव्हती. कोणी उठलं की वहिनी आतून यायच्या. ओढायच्या, खोचायच्या, पदराला हात पुसत जायच्या. तव्यावर पोळी असली तरी."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक."

"मग मला कसं दिसलं नाही?"

मोहनरावांनी उत्तर द्यावे की नाही असा विचार केला. "तुम्ही पुस्तक आणायला उठायचात," ते म्हणाले. "पुस्तक घेऊन येईपर्यंत झालेलं असायचं."

पाइपचे तीन तुकडे हातात घेऊन भास्करराव तसेच बसून राहिले.

"मी एकदा बघितलं," मोहनराव सांगू लागले. वर्षभराचे बोलणे त्यांनी आजच काढले होते. "एका रविवारी चार वेळा उठलो. चारही वेळा आल्या. बोलल्या काही नाहीत, हसल्या. पाचव्यांदा उठायची लाज वाटली. म्हटलं, आपल्याकडून एवढं तर होईल. तेव्हापासून या घरी उठणं सोडलं."

आक्का खुर्चीत बसली. "आणि मी इतकी वर्षं चारचौघांत तुम्हाला आळशी म्हणत आले."

"ते आहेच," मोहनराव म्हणाले. "ते वेगळं."

भास्करराव उठले. गुडघ्यांनी वेळ घेतला, तेवढ्यात बोलायचे वाक्य जुळले, आणि ते या खेपेला त्यांनी बोलूनही टाकले. "आक्का, परीक्षेत मी नापास झालो. कव्हर तू घेऊन जा. तुझ्या सोफ्याचंच आहे ते. पण मी इथेच राहतो. पाच फळ्यांचं मला जमणार नाही."

"बाबा, हा काय सौदा..."

"ध्रुव, तू बोलू नको," कोमल म्हणाली. लाटणे तिच्या हातात होते, त्यामुळे वाक्याला वजन आले. "जो माणूस घरासाठी चोरी करतो, त्याला मी बाल्कनीत ठेवू? उद्या माझा कुकर जाईल."

"तूच म्हणाली होतीस, पप्पा एकटे..."

"तेव्हा मला वाटलं त्यांना काही पडलेली नाही. ते पुस्तकात असतात. आज बघितलं ने."

आक्काने हात पुढे केला. मोहनरावांनी स्वतःला पिनेपासून सोडवून कव्हर तिच्याकडे दिले. तिने ते मांडीवर घेतले, उलटे केले, घडी घालायला काठ शोधला, आणि थांबली. मागची बाजू, जिथे कापड फटीत खोचले जाई, तिथे निळा रंग उडून पांढुरका झाला होता. विरलेल्या जागी बारीक रफू होता. रफूवर रफू होता. एका ठिकाणी आतून जुन्या पातळाचा तुकडा लावलेला होता.

"हे टाके माईचे नाहीत," आक्का म्हणाली.

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ती म्हणाली, "आमच्या सोफ्यावर हे जसंच्या तसं बसेल. हातसुद्धा लावावा लागणार नाही."

"म्हणून तर घेऊन जा म्हणतो."

"आणि मग मी इथे येऊन बोलायचं कशावर? तुझ्या पुस्तकांवर?" तिने कव्हर सोफ्यावर टाकले. "धर ते टोक. दिवाळीला येईन, तेव्हा बघू काय ते. ध्रुव, उभा काय राहिलास? तो कोपरा तुझा. कोमल, झालर. आणि तुम्ही परत बसू नका आता!"

पाच माणसांनी मिळून कव्हर घातले. निरुपमा हे एकटी करी, पोळी करपायच्या आत. त्यांना पाव तास लागला आणि दोन भांडणे झाली.

निघताना मोहनराव बूट घालायला सोफ्यावर टेकले. बूट झाले, उठले, आणि दाराकडे जाण्याऐवजी कष्टाने वळून, वाकून, त्यांनी आपला कोपरा स्वतः ओढला. फाटकातून आक्काने मागे वळून पाहिले. "भास्कर! डावीकडे सैल आहे!"

रिक्षा गेली. मग कोमलने लाटणे जागेवर ठेवले आणि ध्रुवची गाडीही गेली.

भास्करराव सोफ्यावर बसले. घर शांत होते, चार हजार पुस्तके आपापल्या जागी होती. एवढ्या गडबडीनंतर काहीतरी वाचावे असे त्यांना वाटले. पुस्तक आणायला ते उठले, कपाटाच्या दिशेने दोन पावले गेले, आणि परत फिरले. वाकून त्यांनी कव्हर ओढले, मागे खोचले. मग हात कशाला तरी पुसावेत असे वाटले. पदर नव्हता, श्राद्धाचे धोतर होते, त्याला पुसले. पुस्तक कोणते आणायचे होते ते काही त्यांना आठवेना.